चड्डी-बनियनचा नियम

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात बालसुरक्षेचा एक तक्ता लावलाय. काळा चष्मा घातलेला माणूस पांढऱ्या गाडीजवळ उभा राहून एका मुलीला चॉकलेट दाखवतोय. चित्र झकास आहे. पण आमच्या गावात अशी गाडी शिरली, तर पारावरची मंडळी ड्रायव्हरला खाली उतरवून त्याचं गाव, आडनाव आणि सासरवाडी विचारल्याशिवाय त्याला पुढे सोडणार नाहीत. अनोळखी माणसावर इथे शंभर डोळे असतात. ओळखीच्यावर एकही नसतो. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरात नव्वदहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीतले निघतात, हे देशाच्या गुन्हे नोंदींत दर वर्षी छापून येतं. म्हणजे नात्यातला, शेजारचा, घरी येणारा-जाणारा. तो तक्त्यावर कुठेच नाही.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. हा विषय बाईंनी घेतला तर बरं, असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटतं. पण आमच्याकडे बाईंची जागा रिकामी आहे, आणि ती भरेपर्यंत पोरं काही लहान राहणार नाहीत.

दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की गावाची घडीच बदलते. बाया उजाडताच भाकरी बांधून रानात जातात. शाळा सुटल्यावर पोरं घरी येतात तेव्हा दाराला कुलूप असतं, किल्ली शेजारी. संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या खळ्यात, कुणाच्या टीव्हीसमोर. कुणी वाईट म्हणून नव्हे, रोजी बुडवता येत नाही म्हणून. त्यामुळे ‘मुलांना एकटं सोडू नका’ हा सल्ला मी पालकसभेत देतच नाही. तो ऐकून आया नुसत्या खाली बघतात.

वर्गात मी एक नाटक करून बघितलं. आधी मी अनोळखी माणूस झालो, खिशातून चॉकलेट काढलं. सगळा वर्ग ओरडला, “नही!” शाबास. मग मी म्हणालो, “मी तुझ्या पप्पाचा दोस्त. पप्पा मोटारसायकलवरून पडला, दवाखान्यात आहे, चल लवकर.” चार पोरं दप्तर घेऊन उभीच राहिली. त्यांचं काय चुकलं? घाबरलेलं मूल मोठ्या माणसाच्या मागेच जातं. म्हणून आता घरोघरी एक परवलीचा शब्द ठरवायला लावलाय. न्यायला येणाऱ्याने तो सांगितला तरच जायचं, मग तो सख्खा काका का असेना. शब्द पोरांनीच निवडायचा. ‘शेवभाजी’ इतक्या घरांनी निवडला की मला तो बाद करावा लागला.

शरीराबद्दल बोलताना ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असं सगळीकडे शिकवतात. सहा वर्षांच्या पोराला त्यावरून फार काही कळत नाही, असं माझं मत आहे. गुदगुल्या करून, मोबाइल हातात देऊन, लाडाने कुणी हात लावला तर त्याला तो वाईट वाटेलच असं नाही. आणि डॉक्टरने सुई टोचली तर ती नक्कीच वाईट वाटते. निवाडा पोरावर सोडण्यापेक्षा सरळ नियम बरा. चड्डी-बनियनच्या आतल्या भागाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःचा तो भाग तुम्हाला दाखवायचा किंवा त्याला हात लावायला सांगायचं नाही. आंघोळ घालणारी आई, किंवा आई जवळ असताना तपासणारा डॉक्टर, एवढीच सूट. हा नियम पोरग्यांनाही लागू. हे मी दोनदा सांगतो, कारण पोरगे त्या वेळी खिडकीबाहेर बघत असतात. त्यांना वाटतं हे पोरींचं आहे. त्यांच्या बापांनाही तसंच वाटतं.

दुसरी गोष्ट गुपिताची. “कोनले सांगू नको” असं मोठ्या माणसाने म्हटलं, की त्याच दिवशी सांगायचं. कोणाला? प्रत्येकाने पाटीवर आपला पंजा ठेवून खडूने रेघ ओढली आणि प्रत्येक बोटावर सांगण्याजोग्या माणसाचं नाव लिहिलं. एका पोरीने पाचही बोटांवर ‘आजी’ लिहिलं. मी म्हटलं, आजी गावाला गेली तर? ती म्हणाली, “मी तिच्यासंगे जासू.” यावर काय बोलणार! शेवटी अंगठ्यावर अंगणवाडीच्या ताईंचं नाव लिहायला ती कशीबशी तयार झाली.

पण पोरांना ‘नाही म्हणा’ शिकवून आपण घरी काय करतो? आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घर पाहुण्यांनी भरतं. कुणी गाल ओढतं, कुणी पापा मागतं. पोर अंग चोरतं आणि आपणच म्हणतो, “जा, नानांच्या मांडीवर बस, नाना रागावतील.” माझ्या पाच वर्षांच्या मुलीने यंदा एका वडीलधाऱ्यांच्या मांडीवर बसायला नकार दिला. त्या माणसात काही खोट नव्हती, तिला नको होतं एवढंच. मी म्हणालो, “राहू द्या, ती लांबूनच राम राम करेल.” ते जरा फुगले, जेवताना निवळले. मांडीवर बसायला नाही म्हणता येत नसेल, तर त्याहून अवघड ठिकाणी तिला ते कुठून जमणार?

पालकसभेत एक आजी म्हणाल्या, “गुर्जी, लहान पोरेस्ले हाई काय शिकाडतस?” मी त्यांना चड्डी-बनियनचा नियम जसाच्या तसा म्हणून दाखवला. त्यात लाजण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यांनी विषय खिचडीवर नेला.

मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती शासनाने २०२२ मध्येच प्रत्येक शाळेत करायला सांगितली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं आणि सगळ्यांना तिची आणि तक्रारपेटीची आठवण झाली. पेटी असावीच. पण ज्याला अजून जोडाक्षर येत नाही तो तीत काय टाकणार? आमच्या पेटीत चिंचोके निघाले.

आपल्याला शिकायचं ते असं, की पोराने कधी काही सांगितलंच तर तोंड कसं सांभाळायचं. “तू तिथे गेलाच कशाला?” हे पहिलं वाक्य निघालं की पोर कायमचं गप्प होतं. “सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही,” एवढं पुरे. खोदून खोदून विचारायचं नाही, चार जणांसमोर पुन्हा वदवून घ्यायचं नाही. आणि भावकीत बसून मिटवायचं तर मुळीच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, अठराच्या आतले सगळे आले. गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही त्यात गुन्हाच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत. लोकांना भीती ठाण्याच्या पायरीची असते. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास फुकट लागतो. मी तो पोरांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतो.

आयांची सभा झाली, आता बापांची घ्यायची आहे. दिवसा ते येणार नाहीत, म्हणून रात्री ठेवू असं सरपंच म्हणाले. तारीख मात्र लाइटीचं वेळापत्रक बघून ठरेल. शेतपंपाची थ्री फेज वीज रात्रीची आली, तर निम्मे बाप पाणी भरायला रानात असतील.