निकालपत्र म्हणजे काय गणित आहे?

कोर्टाच्या निकालांमधला युक्तिवाद सॉफ्टवेअरमध्ये मांडून तपासते असं सांगितलं की वकील मंडळी हमखास विचारतात, ‘निकाल म्हणजे काय गणित आहे?’ नाही. पण ज्या निकालाने माणूस फासावर जाऊ शकतो, त्याची पायरी न् पायरी मांडून दाखवता आलीच पाहिजे.

1984 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल घ्या. पुण्यात एका विवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं, सगळा पुरावा परिस्थितीजन्य. न्या. फझल अलींनी अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या मांडल्या, त्याच ‘पंचशील’ म्हणून आजही कोर्टात सांगितल्या जातात. विषप्रयोगासाठी आणखी चार गोष्टी: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीच्या ताब्यात विष आणि ते देण्याची संधी.

मी सगळ्यात वर लिहिते ‘नवऱ्याने विष दिलं’. खाली या चार फांद्या, ‘आणि’ने जोडलेल्या. मग प्रत्येकीखाली निकालातला पुरावा, परिच्छेद क्रमांकासकट. विष ताब्यात असल्याच्या फांदीखाली लावायला काहीच सापडत नाही. बाकीच्या तिन्ही कितीही भक्कम असोत, वरचं विधान उभं राहत नाही. सलग वाचताना अशी रिकामी जागा सहज निसटते, कारण आजूबाजूची भाषा ठाम असते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती हेरली आणि आरोपीला निर्दोष सोडलं.

1986 मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या संशोधकांनी ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचा कायदा प्रोलॉग या संगणकभाषेत लिहून दाखवला. पण प्रोलॉगमध्ये जे सिद्ध करता येत नाही ते सरळ खोटं धरलं जातं. आपल्या पुरावा कायद्यात तीन अवस्था आहेत: शाबीत, खोटं ठरलेलं आणि शाबीत न झालेलं. ही तिसरी अवस्था गाळली तर फौजदारी निकाल नीट मांडताच येत नाही. म्हणून माझ्या प्रत्येक फांदीला तीन खुणा असतात.

आणि तरीही त्या बाईने बहिणीला, मैत्रिणीला लिहिलेली पत्रं उरतातच. त्यातलं दुःख आत्महत्येपर्यंत नेणारं होतं का? उच्च न्यायालयाने ती एका तऱ्हेने वाचली, फझल अलींनी दुसऱ्या. याला सूत्र नाही, आणि मी ते शोधतही नाही. तिथे वेगळ्या रंगात नोंद करते: इथे न्यायाधीशांनी आपल्या आकलनाने ठरवलं. अपील लिहायला बसलेल्याला नेमकी तीच जागा हवी असते.