काचेवरची रेघ

माझ्या माशांच्या टँकच्या डाव्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, मार्करने मारलेली एक आडवी रेघ आहे. सकाळी उठल्यावर मी पहिली ती बघते. रात्रीतून पाणी तिच्या खाली उतरलेलं असतं. मग जगमधून आरओचं गोडं पाणी बारीक धारेने ओतायचं, रेघेला टेकेपर्यंत. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये रोज गोडं पाणी घालते म्हटलं की ऐकणारा थबकतो. पण उडून जातं ते फक्त पाणी. मीठ आहे तिथेच राहतं.

हे पुस्तकी वाक्य अंगात मुरलं ते बाबांमुळे. तिसऱ्या आठवड्यात मी पाच दिवस बाहेरगावी गेले होते. टँकमध्ये तेव्हा नुसती वाळू आणि दगड. "पाणी उतरलं तर भर घाला, बाबा," एवढंच सांगून मी निघाले. कुठलं पाणी ते सांगायचं राहिलं. पाणी बदलण्यासाठी मी बादलीत खारं पाणी कालवून ठेवलं होतं, बाबांनी रोज त्यातलंच घातलं. "समुद्राचं पाणी आटलं, मग समुद्राचंच घालायला नको का?" त्यांचा हा विचार मला आजही अगदी सरळ वाटतो. टँकमध्ये पाणी ६५ लिटर, रोज उडतं सव्वा लिटरच्या आसपास. पाच दिवसांत सहा लिटर खाऱ्या पाण्याची भर पडली आणि दर हजारी ३५ असलेली क्षारता ३८ च्या वर गेली. आत मासे नव्हते हे नशीब. दोन दिवस थोडं थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घातलं आणि काटा जागेवर आणला. रेघ मारली ती त्यानंतर. जगवर बाबांनी स्वतः चिकटपट्टी लावून लिहिलं: "फक्त गोडं."

टँक तसा लहान आहे, ६० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ३६ उंच. रिकामा ७५ लिटरचा, पण दगड-वाळू जागा खातात. लहान टँक सोपा असेल असं समजून मी तो निवडला. प्रत्यक्षात उलटं आहे. पाणी जितकं कमी, तितकी प्रत्येक चूक त्यात लवकर उमटते. तरी मला तो बदलावासा वाटत नाही, कारण त्याने मला रोज बघायला लावलं. स्टँडवर ठेवताना मात्र गवंड्याची पाणसळ आणून चारही बाजू तपासा. पाणी, दगड, काच मिळून शंभर किलोच्या आसपास वजन होतं. एक कोपरा खाली असला तर सगळा ताण एका सांध्यावर येतो. आणि हीटर-पंपाच्या वायरी सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोल ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोलाच्या तळाशी गळून पडेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही.

पाणी कालवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. नळाचं पाणी वापरलं नाही. त्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकतं आणि पाइपातून तांबं उतरलेलं असलं तर गोगलगाई आणि खेकड्यांचा जीव घ्यायला तेही पुरतं. आरओ आणि पुढे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत. २० लिटर पाण्याला साधारण ७२० ग्रॅम सागरी मीठ. हे जेवणातलं मीठ नव्हे. यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट हे सगळं प्रमाणात असतं. आधी पाणी, मग त्यात मीठ थोडं थोडं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. बादलीत छोटा पंप सोडून मी रात्रभर पाणी फिरत ठेवते. सकाळी ते इतकं नितळ असतं की बादलीचा तळ हाताला लागेल असं वाटतं.

मापण्यात मी एकदा चुकले. माझ्याकडे काटा वर-खाली होणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर होता, पाण्याच्या घनतेवरून खारेपणा सांगणारा. तो १.०२६ दाखवत होता, अगदी हवं तेवढं. काट्याला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलत होते. नंतर रिफ्रॅक्टोमीटर आणला, पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा मोजणारा, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतला आणि त्याच पाण्याचा आकडा निघाला १.०२१. म्हणजे पाणी चांगलंच फिकं होतं. खर्च कुठे कमी करायचा असेल तर दिव्यावर करा, या एका यंत्रावर करू नका.

दगड सहा किलो, कोरडे, सच्छिद्र. वाळू अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे चुनखडीच्या जातीची, तीन-चार सेंटिमीटर थर. दगड आधी काचेच्या तळावर टेकवले आणि मग भोवती वाळू घातली, म्हणजे पुढे वाळू उकरणारा एखादा जीव आला तरी ते ढासळणार नाहीत. एका मैत्रिणीच्या जुन्या टँकमधला मुठीएवढा जिवंत दगडही, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेला दगड, मधोमध ठेवला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

मग सहा आठवडे वाट. बाबा संध्याकाळी खुर्ची ओढून टँकसमोर बसत आणि विचारत, "आज तरी मासा?" मी म्हणायची, "आज अमोनिया, बाबा."

मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं अन्न कुजलं की अमोनिया होतो. समुद्रात तो विरून जातो. ६५ लिटरमध्ये कुठे जाईल? त्यातून समुद्राचं पाणी अल्कधर्मी, पीएच ८.१ ते ८.४, आणि पीएच चढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. त्याला खाणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वसावे लागतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. मासा आत सोडून त्याच्या जिवावर हे सुरू करायची जुनी पद्धत मला पटत नाही. मी बाटलीतला शुद्ध अमोनिया मोजून २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) होईल इतका घातला आणि वही उघडली. आठ दिवस चाचणीच्या नळीतला अमोनियाचा हिरवा रंग हलला नाही. नवव्या दिवशी तो फिका झाला आणि नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा जांभळी झाक आली. मी नळी घेऊन तशीच बाबांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून ती उजेडात धरली आणि म्हणाले, "म्हणजे कोणीतरी आलंय."

सदतिसाव्या दिवशी, घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य. मग नायट्रेट उतरवायला निम्मं पाणी बदललं.

पण तोवर टँक रिकामा होता असं म्हणवत नाही. एका रात्री दिवे बंद करून मी टॉर्चवर लाल कागद लावून बघितलं. त्या मुठीएवढ्या दगडावरून आलेले कोपेपॉड, कोळंबीच्या कुळातले अतिबारीक जीव, काचेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उडत होते. दगडाच्या फटीतून एक केसाळ किडा अर्धा बाहेर येऊन वाळू चाचपत होता. काचेवर तांदळाच्या कणीहूनही बारीक, गुंडाळलेल्या नळ्यांचे किडे. मी तासभर जमिनीवर बसून होते. बाबांना उठवावं की नाही, असं चाललं होतं मनात. शेवटी उठवलं.

पाचव्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. ते डायटम्स, एकपेशीय शेवाळ. सिलिकेट खाऊन वाढतात आणि ते संपलं की बहुतेक वेळा आपोआप ओसरतात. मी औषध घातलं नाही. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची ही सायकल पुरी झाल्यावर शेवाळ खाणाऱ्या तीन ट्रोकस गोगलगाई आल्या. उलट्या पडल्या तर त्या स्वतः सरळ होतात, म्हणून त्याच निवडल्या.

टँकमधल्या पंपाचं, म्हणजे पॉवरहेडचं, तोंड मी पृष्ठभागाकडे वळवून ठेवते, पाण्यावर सतत बारीक लाट हवी. पाणी हवेशी बोलतं, प्राणवायू घेतं, ते तिथेच. १८४० च्या दशकात लंडनमध्ये अ‍ॅना थिन यांनी घरात जिवंत प्रवाळ ठेवले होते. तेव्हा पंप कुठला, त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी भांड्यातून भांड्यात पुन्हा पुन्हा ओतत असे. पॉवरहेड साफ करताना मला त्या मोलकरणीची फार आठवण येते.

मासे दोनच, ऑसेलारिस क्लाउनफिश. टँकमध्येच जन्मलेले हवेत हे मी ठरवूनच गेले होते. समुद्रातून पकडलेला मासा माझ्या पहिल्या प्रयोगासाठी का यावा? समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल घेतलं नाही. त्याला मुरलेला, स्थिर टँक लागतो आणि त्याच्यावाचून या माशांचं काही अडत नाही. पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत पाऊण तास घालवला, बाबा शेजारी घड्याळ घेऊन.

क्लाउनफिशमध्ये जन्मतः मादी कोणीच नसते. जोडीत जो मोठा आणि वरचढ ठरतो, तो मादी होतो. आमच्याकडचे दोघे सुरुवातीला सारखेच दिसायचे. गेल्या पंधरवड्यात एक किंचित मोठा झाला आहे. तो जवळ आला की धाकटा आडवा होतो आणि अंग थरथरवतो. "मी लहान, तू मोठी" असं सांगणं आहे ते. रात्री दोघे पॉवरहेडच्या मागच्या कोपऱ्यात, पृष्ठभागाजवळ, एकमेकांना टेकून झोपतात. बाबा झोपायला जाण्याआधी रेघ बघतात, मग तो कोपरा बघतात, आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन सांगतात, "दोघं आहेत."