तुम्ही विचारलंत म्हणून: तीन फायनल हरलेल्या क्लबचं एवढं काय?

व्हॉलीबॉलवर काहीही लिहिलं की कुणीतरी हटकतंच: ‘ग्रीसमधलाच क्लब धरायचा तर ऑलिम्पियाकोस धरा ना. इराक्लिस तीनदा युरोपच्या फायनलला गेला आणि तिन्हीदा हरला. त्याचं एवढं काय कौतुक?’ विचारणारे कधी थट्टा करत असतात, कधी त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं. मी बहुतेक वेळा ‘आवडतो, झालं’ म्हणून सुटका करून घेतो. पण आता सारखंच विचारताय, तर नीटच सांगतो.

आधी हिशेब मांडू. व्हॉलीबॉलमध्ये युरोपातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. ग्रीसच्या पुरुष क्लबांनी तिची, किंवा तिच्या आधीच्या चॅम्पियन्स कपची, फायनल पाच वेळा गाठली. ऑलिम्पियाकोस दोनदा: १९९२ मध्ये इटलीच्या रावेन्नाशी हरले, २००२ मध्ये इटलीच्याच माचेराताशी. इराक्लिस तीनदा: २००५, २००६ आणि २००९. पाच फायनल आणि कप एकही नाही. म्हणजे इराक्लिसला हसायचं तर अख्ख्या ग्रीसला हसावं लागेल. घरच्या लीगमध्ये ऑलिम्पियाकोसच्या विजेतेपदांचा डोंगर आहे, १९८७ ते १९९४ अशी सलग आठ वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला लीग जिंकूच दिली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे युरोपीय कपही त्यांच्याकडे आहेत: १९९६, २००५ आणि अलीकडे २०२३. इराक्लिसच्या नावावर लीगची विजेतेपदं मोजून पाच. तरीही सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत तीनदा पोचला तो हाच.

आता हा क्लब कुठला, ते सांगायला हवं, कारण गाव कळल्याशिवाय क्लब कळत नाही. थेस्सालोनिकी हे ग्रीसचं उत्तरेकडचं बंदराचं शहर. इराक्लिस तिथे १९०८ साली स्थापन झाला, तेव्हा शहर ग्रीसमध्ये नव्हतंच, ऑटोमन साम्राज्यात होतं. त्याच वर्षी तरुण तुर्कांची क्रांती झाली, तिचं मोठं केंद्रही हेच शहर. सुलतानाला संविधान परत आणावं लागलं आणि संस्था-मंडळं काढायला जरा मोकळीक मिळाली. शहरातल्या ग्रीकांनी ती लगेच वापरली. क्लबच्या सुरुवातीच्या नावात ‘ऑटोमन’ आणि ‘हेलेनिक’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते, आणि रंग मात्र निळा-पांढरा, ग्रीसच्या झेंड्याचा. सुलतानाच्या राज्यात व्यायामशाळेच्या नावाखाली हे चाललं होतं. आपल्याकडे त्याच सुमारास तालमी आणि आखाड्यांतून काय काय शिजत होतं ते आठवा, म्हणजे वेगळं समजवायला नको. पुढे १९१२ मध्ये पहिल्या बाल्कन युद्धात शहर ग्रीसकडे आलं. १९१७ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. १९२२ नंतर आशिया मायनरमधून निर्वासितांचे लोंढे आले. त्या उलथापालथीतून शहराचे बाकीचे दोन मोठे क्लब उभे राहिले: १९१४ मध्ये आरिस आणि १९२६ मध्ये इस्तंबूलहून आलेल्या ग्रीकांचा पाओक. या तिघांत इराक्लिस वयाने मोठा, म्हणून गावात त्याला ‘म्हातारा’च म्हणतात. गल्लीगल्लीत वैर या तिघांचं. अथेन्सवाल्यांशी असतं ते वैर निराळं, त्यात राजधानीबद्दलचा जुना सलही मिसळलेला असतो.

व्हॉलीबॉल ग्रीसमध्ये रुजला तो वायएमसीएमुळे. हा खेळच मुळात १८९५ साली अमेरिकेत, होल्योक गावच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन नावाच्या शिक्षकाने तयार केला आणि पुढे त्याच संस्थेच्या शाखांमधून जगभर पसरला. भारतात तो असाच आला, मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा. थेस्सालोनिकीत तर मधल्या एका मोठ्या चौकाला आजही त्या संस्थेचंच नाव आहे. मला ही गोष्ट उगाच आवडते. आपल्या जिल्ह्याच्या मैदानावर आणि एजियन समुद्राच्या काठावर एकच जाळी एकाच घरातून आली.

ग्रीक क्लब म्हणजे एका खेळाचा क्लब नसतो, हेही ध्यानात घ्या. एकाच नावाखाली फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, पोहणं, सगळं चालतं आणि चाहते तेच असतात. आज फुटबॉलच्या मैदानावर, उद्या व्हॉलीबॉलच्या हॉलमध्ये. इराक्लिसचे कट्टर पाठीराखे स्वतःला ‘गेट १०’वाले म्हणवतात. त्यामुळे व्हॉलीबॉल हा तिथे सभ्य मंडळींनी टाळ्या वाजवत बघायचा खेळ आहे, असा समज असेल तर सोडून द्या. २००७ मध्ये अथेन्सजवळ पानाथिनाइकोस आणि ऑलिम्पियाकोस यांच्या महिला व्हॉलीबॉल सामन्याआधी दोन्हीकडच्या टोळ्यांत मारामारी झाली, एक तरुण मेला आणि सरकारने देशभरातल्या सांघिक स्पर्धा दोन आठवडे बंद ठेवल्या. सामना होता महिलांच्या व्हॉलीबॉलचा. या प्रेमाला असं विष चढतं, हे मी लपवणार नाही.

अशा क्लबच्या घरात ट्रॉफ्यांचं कपाट मात्र बऱ्यापैकी रिकामंच होतं. फुटबॉलमध्ये त्यांच्याकडे वासिलिस हाजीपानागिस होता. ताश्कंदमध्ये निर्वासित ग्रीक घरात जन्मलेला, ड्रिब्लिंगचा असा जादूगार की लोक नुसतं त्याला बघायला यायचे. १९७६ मध्ये ऑलिम्पियाकोसला पेनल्टीवर हरवून ग्रीक कप जिंकला, त्याआधी सामना ४-४ झाला होता. फुटबॉलची लीग मात्र कधीच नाही. बास्केटबॉलची लीग १९२८ आणि १९३५ मध्ये. त्यानंतर या तीन मोठ्या खेळांत इराक्लिसच्या पुरुषांनी लीग जिंकली ती थेट २००२ साली, व्हॉलीबॉलमध्ये. सदुसष्ट वर्षं! आजोबांनी पाहिलेलं नातवाला पाहायला मिळालं, तेही भलत्याच खेळात. व्हॉलीबॉलची लीग तोवर बहुतेक अथेन्स आणि त्याला लागूनच असलेल्या पिरेयसच्या क्लबांतच फिरत असे. थेस्सालोनिकीत ती १९९७ मध्ये एकदा आली होती, पण आरिसच्या घरी. इराक्लिसवाल्याला ते जास्तच झोंबलं असणार.

मी ज्यात गुंतलो तो भाग इथून पुढचा.

२००४ चं अथेन्स ऑलिम्पिक. पुरुष व्हॉलीबॉलची उपांत्यपूर्व फेरी, ग्रीस विरुद्ध अमेरिका, फालिरोचा हॉल. ग्रीस २-१ सेटने पुढे. चौथ्या सेटमध्ये २०-१२. घरच्या ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरी पाच गुणांवर आली होती. तिथून अमेरिकेने सेट काढला आणि पाचवा सेटही जिंकला. व्हॉलीबॉल बघणाऱ्या कुठल्याही ग्रीक माणसासमोर हा सामना काढू नका, उगाच वाईटपणा येईल. त्या अमेरिकन संघाचा सेटर, म्हणजे फटका मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा, होता लॉय बॉल, सहा फूट आठ इंचांचा. संघात क्लेटन स्टॅन्लीही होता, हवाईचा, डावीकडे-उजवीकडे कुठूनही चेंडू हाणणारा आणि सर्व्हिस तर अशी की समोरच्याचे हात बधिर व्हावेत.

आणि हे दोघं इराक्लिसचे! त्या काळात दोघंही थेस्सालोनिकीच्या निळ्या जर्सीत खेळले. ज्यांनी ऑगस्टमध्ये देशाला रडवलं त्यांच्याच नावाने हिवाळ्यात गाव घोषणा देतंय. हे वाचलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. पण क्लबचा चाहता देशाच्या चाहत्यापेक्षा वेगळा जीव असतो, तो लवकर माफ करतो.

जरा खेळाचंही बोलू, नाहीतर हे दोघं एवढे महत्त्वाचे का ते कळणार नाही. १९९९ च्या आसपास गुणांची पद्धत बदलली. पूर्वी आपली सर्व्हिस असेल तरच गुण मिळायचा, आता प्रत्येक रॅलीला गुण. त्यामुळे एखाद्याची उडी मारून केलेली सर्व्हिस लागू पडली की बघता बघता चार-पाच गुण निघून जातात आणि मोठा संघही गडबडतो. दुसरीकडे सेटर उंच असेल तर जाळीवर ब्लॉकची भिंत कुठे खचत नाही. बॉलकडे डोकंही होतं, उंचीही होती. इटालियन क्लबांएवढा पैसा नसलेल्या संघाला असे दोन खेळाडू मिळाले तर तो कुणाच्याही नाकी नऊ आणू शकतो. २००५ मध्ये इराक्लिसने लीग जिंकली, ग्रीक कप जिंकला आणि चॅम्पियन्स लीगचे शेवटचे सामने तर थेस्सालोनिकीतच होते. घरचं मैदान, घरचे लोक, आणि फायनलला समोर फ्रान्सचा तूर हा क्लब.

तूर काही इटलीच्या रावेन्ना किंवा ट्रेव्हिजोसारखं धाक वाटावा असं नाव नव्हतं. पण त्यांच्याकडे व्लादिमीर निकोलोव होता, डावखुरा, उंच, बल्गेरियाचा. कप तूर घेऊन गेले. निकोलोव हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे. (आता त्याची मुलं अलेक्झांडर आणि सिमेऑन बल्गेरियाकडून खेळतात. घराणंच आहे ते.)

घरच्या मैदानाच्या जोरावर फायनलला गेले, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना पुढच्याच वर्षी उत्तर मिळालं. २००६ मध्ये शेवटचे सामने रोमला होते आणि इराक्लिस परत फायनलला. समोर सिस्ली ट्रेव्हिजो, म्हणजे बेनेटन या कपड्यांच्या कंपनीच्या पैशावर उभा राहिलेला, फेई, पापी, वेर्मिल्यो अशी नावं असलेला संघ. इराक्लिस हरला, ट्रेव्हिजोने चौथ्यांदा कप नेला. ट्रेव्हिजो म्हटलं की आपल्याला आणखी एक नाव आठवायला हवं. केरळचा जिमी जॉर्ज ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच शहरात व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळत होता. १९८७ मध्ये इटलीतच अपघातात गेला. इटालियन व्हॉलीबॉल काय दर्जाचं असतं हे भारतात आधी कळलं ते त्याच्यामुळे.

मग बॉल आणि स्टॅन्ली रशियाच्या कझानला गेले. तिथे पैसा जास्त होता, यात राग मानण्यासारखं काही नाही. २००८ मध्ये दोघांनी कझानला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली आणि त्याच वर्षी बीजिंगला अमेरिकेकडून ऑलिम्पिक सुवर्ण. स्टॅन्ली तर त्या ऑलिम्पिकचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. थेस्सालोनिकीत जे दोनदा हुकलं ते त्यांना व्होल्गाकाठी मिळालं.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपली असं समजतात: दोन अमेरिकन आले, दोन अमेरिकन गेले, क्लब बसला. माझं सगळं म्हणणं याच ठिकाणी आहे. क्लब बसला नाही. इराक्लिसने २००७ ची लीग जिंकली, २००८ चीही जिंकली, आणि २००९ मध्ये प्रागला तिसऱ्यांदा चॅम्पियन्स लीगच्या फायनलला उभा राहिला. उधारीचे तारे गेल्यावर जो संघ परत तिथवर पोचतो, त्याच्या मागे तारे सोडून काहीतरी असतं: घरचे खेळाडू, सरावाची शिस्त, हरायला लाज न वाटणारं गाव. पहिल्या दोन फायनल मी एक वेळ नशिबाच्या खात्यात टाकेन. तिसरी नाही टाकता येत.

प्रागला समोर इटलीचा त्रेंतो होता. बल्गेरियन कोच स्तोयचेव, त्याच्याच देशाचा खेळाडू कझीस्की, आणि हो, निकोलोव. २००५ ला तूरच्या जर्सीत हरवलं, २००९ ला त्रेंतोच्या जर्सीत. ३-१. त्रेंतोचा तो पहिला कप, पुढची दोन वर्षंही त्यांनीच तो नेला. अशा संघाकडून हरलात तर निदान कुणाकडून हरलो हे सांगायला लाज वाटत नाही.

त्यानंतर ग्रीसवर कर्जाचं संकट कोसळलं. पगार कापले, पेन्शन कापल्या, तिथे व्हॉलीबॉलला प्रायोजक कोण देणार? तशातही २०१२ मध्ये इराक्लिसने पाचवी लीग जिंकली. ही कशी जिंकली याचं मला आजही नवल वाटतं. त्यानंतर मात्र नाही. थेस्सालोनिकीची मक्तेदारी पाओककडे गेली, त्यांनी २०१५ पासून तीन लीग ओळीने जिंकल्या. गेट १०वाल्यांनी ते कसं सोसलं असेल, याची कल्पना आपल्याकडच्या शेजारच्या गावाच्या जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्यांना येईल.

म्हणून, तुम्ही विचारलंत तर, ऑलिम्पियाकोस थोर आहे, नाकारतंय कोण. त्यांचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत. मला २००२ ते २०१२ ही दहा वर्षं पुरतात. जुने सामने बघायचे असतील तर प्रागपासून सुरुवात करा, थेस्सालोनिकीचा सामना सगळ्यात शेवटी ठेवा. आणि पुढच्या वेळी ‘तीनदा हरले’ म्हणताना, ज्या वर्षी बॉल-स्टॅन्ली नव्हते ते कुठलं, तेवढं आधी सांगा.