टंचाईत ९ एमएमला किती मोजायचे: टेक्सासमधला माझा हिशेब

२०२० उजाडलं तेव्हा अमेरिकेत ९ एमएम पिस्तुलाचं साधं पितळी काडतूस १८ ते २० सेंटला पडायचं. साधं म्हणजे ११५ ग्रेन (सुमारे साडेसात ग्रॅम) वजनाची, पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी, जिला सगळे एफएमजे म्हणतात. वर्षभरात तेच काडतूस ७० सेंटला मिळालं तरी नशीब अशी वेळ आली, आणि एक डॉलर देऊन नेणारेही कमी नव्हते. अशा वेळी किती मोजायचे हा प्रश्न दुकानात उभं राहून सुटत नाही. फळीवर तीन खोकी उरलेली असतात, मागे रांग असते आणि हात आपोआप पुढे जातो. जास्तीत जास्त किती देणार हा आकडा घरूनच ठरवून निघावं लागतं. मी तो कसा ठरवत होतो ते इथे मांडतोय.

त्याआधी कायद्याचं, कारण अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींसाठी ते भावापेक्षा महत्त्वाचं आहे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांवर विसंबू नका. एका खोक्यापायी पुढची सगळी वाट बंद होऊ शकते. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही. दुकानदाराकडून पिस्तुलाची काडतुसं घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून काडतुसांच्या खरेदीलाही पार्श्वभूमी तपासणी आहे आणि ऑनलाइन मागवलेला माल परवानाधारक विक्रेत्याकडूनच हातात मिळतो, तेव्हा त्या विक्रेत्याचं शुल्कही भावात धरायचं. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं. टेक्सासमध्ये यातलं काही नाही, खोकं थेट दारात येतं.

भाव चढला कशाने हे नीट कळलं की उतरायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधता येतो. २०२० मध्ये बंदूकखरेदीशी संबंधित फेडरल तपासण्या ३ कोटी ९० लाखांच्या वर गेल्या. शस्त्र उद्योगाच्या संघटनेचा अंदाज असा की त्या वर्षी सुमारे ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने पन्नासाची दोनच खोकी घेतली असं धरलं तरी ८४ कोटी काडतुसं होतात, तीही जुन्या ग्राहकांच्या वर. पुरवठ्याची बाजू आधीच लंगडी होती. वॉलमार्टने सप्टेंबर २०१९ मध्येच पिस्तुलाची काडतुसं विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या रेमिंग्टनने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि आर्कान्सामधल्या लोनोकचा तिचा काडतुसांचा कारखाना शरद ऋतूत व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने विकत घेतला. खरी अडचण मात्र प्रायमरची. काडतुसाच्या बुडाशी जी छोटी टिकली असते, जिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते, ती अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर बनवणारे फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन असे तेव्हा चारच. तिच्यातलं रसायन धक्क्याने पेटणारं असल्यामुळे नवी यंत्रं आणून महिनाभरात उत्पादन दुप्पट करणं शक्य नसतं. म्हणून ही टंचाई आठवड्यांची नाही, वर्ष-दीड वर्षाची असणार हे मी धरून चाललो. २०१२ च्या डिसेंबरनंतर जी टंचाई आली होती तिचा अनुभवही तेच सांगत होता. त्या वेळी .२२ची काडतुसं तर कित्येक वर्षं नीट मिळत नव्हती.

आता हिशेब. पहिली गोष्ट, खोक्याचा भाव बघायचाच नाही. कर आणि वाहतूक धरून हातात पडलेल्या एका काडतुसाला किती पडले तेवढंच बघायचं. अ‍ॅमोसीकसारखी साइट एका काडतुसाचा भाव दाखवते, पण तो बहुतेक वेळा वाहतूक आणि कर सोडून असतो. उदाहरण घ्या. ५०० काडतुसं ६२ सेंटने, म्हणजे ३१० डॉलर. वाहतूक २५. टेक्सासचा विक्रीकर माझ्या गावी ८.२५ टक्के आणि तो वाहतुकीवरही लागतो, म्हणजे आणखी २७.६४. एकूण ३६२.६४, आणि एक काडतूस पडलं साडेबहात्तर सेंटला. त्याच दिवशी गावातल्या दुकानात पन्नासाचं खोकं ३४.९९ ला असेल तर करासकट ३७.८८, म्हणजे पाऊणशे सेंटच्या किंचित वर. फरक तीनच सेंटांचा आणि माल लगेच हातात. उलट त्याच ६२ सेंटने शंभरच मागवली आणि वाहतूक १५ डॉलर पडली, तर एक काडतूस ८३ सेंटच्या वर जातं. थोडा माल ऑनलाइन मागवणं टंचाईत सगळ्यात महाग पडतं. काडतुसांना टपाल चालत नाही, खासगी कुरियरने जमिनीवरूनच यावं लागतं, त्यामुळे वाहतुकीत घासाघीस होत नाही. फेडरल ११ टक्के उत्पादन शुल्क आधीच भावात असतं, ते वेगळं धरायचं नाही.

दुसरा आकडा आपला स्वतःचा. सरावाला महिन्याला किती पैसे घालायचे आणि हात बसलेला राहायला कमीत कमी किती काडतुसं लागतात, या दोन्हींचा भागाकार ही आपली कमाल मर्यादा. माझे महिन्याला ६० डॉलर आणि किमान १०० काडतुसं, म्हणजे ६० सेंट. पूर्वी याच ६० डॉलरमध्ये तीनशेच्या वर मिळायची, पण ती चैन होती. पैसे वाढवायचे नाहीत, नग कमी करायचे, हे एकदा पक्कं केलं की निम्मी घालमेल संपते.

पण ही मर्यादा एकाच जागी ठेवून चालत नाही. ती घरातल्या साठ्याला बांधायची. माझा नियम असा: साठा सहा महिन्यांहून जास्त, म्हणजे सहाशेच्या वर असेल, तर नेहमीच्या भावाच्या दुपटीपर्यंतच घ्यायचं, म्हणजे ४० सेंट. त्याहून महाग असेल तर हात हलवत परत यायचं आणि साठ्यातून वापरायचं. साठा तीन ते सहा महिन्यांचा राहिला की ६० सेंटपर्यंत, आणि गेल्या महिन्यात जेवढी वापरली तेवढीच. तीन महिन्यांच्या खाली आला तर बाजारात जो भाव असेल तो, पण एका वेळी एकच खोकं. शेवटच्या दोनशेला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवणाऱ्या घराला श्रावणातल्या भावाची धास्ती नसते, तसंच हे आहे. साठा असेल तोवर भाव आपल्यावर चढून बसत नाही.

इथे एक पेच लोकांना अडवतो. कपाटातलं १८ सेंटचं काडतूस आज उडवलं तर ते १८ चं धरायचं की ७२ चं? आजच भरून काढणार असाल तर ७२ चं. पण भाव उतरल्यावर भरणार असाल तर तेव्हा जो भाव असेल तो. त्यामुळे साठा आहे त्याने टंचाईत साठ्यातून वापरत राहणं आणि भरपाई पुढे ढकलणं हाच शहाणपणाचा व्यवहार. साठा अंगाला चिकटवून ठेवायचा आणि सरावासाठी ७२ सेंटचं खोकं आणायचं, असं करणारे पुष्कळ पाहिले. त्यात दोन्हीकडून नुकसान आहे.

ज्यांच्याकडे काहीच साठा नाही, नुकतंच पिस्तूल घेतलंय, त्यांनी मर्यादा विसरून किमान गरज मोजावी. टेक्सासच्या लायसन्स टू कॅरीच्या, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगण्याच्या परवान्याच्या, नेमबाजी परीक्षेला ५० काडतुसं लागतात: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०. त्याआधी सरावाला शंभर. म्हणजे दीडशे काडतुसं, तीन खोकी. ७५ सेंटने ११२ डॉलर होतात. हे द्यावेत, यात काटकसर करू नये. न चालवलेलं पिस्तूल घरात ठेवणं त्याहून वाईट.

स्वसंरक्षणाच्या काडतुसांचा हिशेब पूर्ण वेगळा मांडायचा. स्पीअरचं गोल्ड डॉट किंवा फेडरलचं एचएसटी, पुढे पोकळ असलेली गोळी. टंचाईत ही दीड ते दोन डॉलरला एक अशी होती. पण लागतात किती? दोन मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारे काडतुसांचे डबे) भरायला तीस आणि आपल्या पिस्तुलात अडकत नाहीत ना हे बघायला चाळीस. सत्तर काडतुसांवर नगामागे एक डॉलर जास्त गेला तरी एकदाच ७० डॉलर जातात. सरावाच्या मालात दर महिन्याला नगामागे ५० सेंट जास्त देणं याच्या कैक पट महाग आहे. म्हणून इथे भावाला अडून बसू नये.

याच काडतुसांबाबत टंचाईत एक धोका वाढतो. महाग म्हणून लोक तेच काडतूस महिनोन्‌महिने चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, घालतात, रात्री काढतात, सकाळी पुन्हा घालतात. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, दर वेळी गोळीचं नाक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर (रॅम्पवर) आपटते आणि गोळी केसाएवढी आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि तो धोकादायक पातळीपर्यंत जाऊ शकतो. टेबलावर नवं काडतूस आणि वापरातलं काडतूस शेजारी शेजारी उभं करा, वर पट्टी आडवी ठेवा. पट्टी जराही कलली तर ते काडतूस बाद. दीड डॉलर वाचवायला पिस्तूल आणि हात पणाला लावू नका.

स्वस्त दिसणाऱ्या मालात काय काय निघतं, तेही बघू. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, झिपच्या पिशवीत सुट्टी काडतुसं असतात, कुणीतरी घरी भरलेली. किती दारू घातली याचा पत्ता नाही. ती कोणत्याही भावाला घ्यायची नाहीत. पोलादी केसची (केस म्हणजे दारू भरतात ती नळकांडी) रशियन काडतुसं पाच-सात सेंट स्वस्त असायची. पण नेमबाजीच्या बऱ्याच इनडोअर रेंजवर ती चालत नाहीत, गोळीच्या कवचातही पोलाद असतं. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि गोळीला लावून बघा, चिकटलं तर आधी रेंजला विचारा. रशियन मालाच्या नव्या आयात परवान्यांवर अमेरिकेने सप्टेंबर २०२१ पासून बंदी घातल्यावर तो फरकही आटत गेला. सीसीआयच्या साध्या ब्लेझरची केस अ‍ॅल्युमिनियमची असते. चालते उत्तम, पण ती पुन्हा भरता येत नाही. ब्लेझर ब्रास वेगळं, ते पितळी.

घाईत चुकीचं खोकं उचलण्याचे प्रकारही पाहिलेत. आपल्याला हवं असतं ते ९ एमएम लुगर, ९×१९ किंवा पॅराबेलम, तिन्ही एकच. खोक्यावर ९×१८ असेल तर ते माकारोव्हचं. ९ एमएम कुर्झ किंवा शॉर्ट म्हणजे .३८० एसीपी. दोन्ही आपल्या पिस्तुलात घालायची नाहीत. टंचाईत दुकानदार उघडलेलं खोकं परत घेत नाही, बरेच जण बंद खोकंही घेत नाहीत.

आणि खोट्या साइट्स. सगळीकडे ७० सेंट चालू असताना कुणी २५ सेंटने हजार ‘इन स्टॉक’ दाखवत असेल आणि पैसे ‘झेल’ (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेने किंवा बिटकॉइनने मागत असेल, तर तिथे काडतुसं नाहीतच. क्रेडिट कार्डच वापरावं, म्हणजे माल न आल्यास तक्रार करून पैसे परत मागता येतात.

काडतुसं घरी स्वतः भरण्याचं गणित टंचाईत सुरू करू नये असं माझं मत. पूर्वी प्रायमर तीन सेंट, गोळी नऊ, दारू दोन, पितळ पुन्हा वापरायचं, म्हणजे चौदा सेंटमध्ये काम व्हायचं. टंचाईत हजार प्रायमरना शंभर डॉलरच्या वर मोजावे लागत होते, त्यावर ऑनलाइन मागवलं की धोकादायक मालाचं वेगळं शुल्क. ज्याच्याकडे यंत्र आणि प्रायमर आधीपासून होते त्याला फायदा झाला, नव्याने उतरलेल्याला नाही.

नग कमी केले म्हणून सराव ढिला पडायला नको. रिकाम्या पिस्तुलाने घरी सराव करावा, त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. रेंजवर मॅगझिनमध्ये अधूनमधून स्नॅप कॅप, म्हणजे प्लास्टिकचं नकली काडतूस, घालावं. कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि ट्रिगर दाबताना नळी खाली झुकली तर लगेच दिसते. पन्नास काडतुसांत यातून जेवढं हाती लागतं तेवढं नुसत्या धडाधड दोनशेत लागत नाही.

साठा घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवायचा, टेक्सासच्या गॅरेजमध्ये नाही. रबरी सील असलेला पोलादी डबा उत्तम, आत मूळ खोक्यांसकट. असा ठेवलेला माल वर्षानुवर्षं टिकतो. रेंजला नेतो ती बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि ९ एमएम तर भारतात निषिद्ध बोअर आहे.

भाव उतरायला लागला हे आधी ९ एमएममध्येच कळतं, कारण कारखाने सगळ्या लाइन त्यावर लावतात. .३८ स्पेशल आणि .३८० मागे राहतात. ती पिस्तुलं असणाऱ्यांनी ९ एमएम स्वस्त झालं म्हणून थांबू नये, त्यांची टंचाई आणखी बरीच चालते. माझ्या बघण्यात खुणा तीन: ‘एका गिऱ्हाइकाला दोनच खोकी’ ही पाटी उतरते, हजाराच्या सीलबंद पेट्या पुन्हा दिसू लागतात आणि पेटीचा नगामागचा भाव सुट्ट्या खोक्यापेक्षा खाली येतो. ही तिसरी खूण सगळ्यात भरवशाची, कारण टंचाईत घाऊक सवलत उरत नाही. २०२१ च्या उत्तरार्धात ९ एमएम ३५ ते ४० सेंटवर आलं तेव्हा या तिन्ही दिसल्या. तरी एकदम पेटी घेतली नाही. साठा सहा महिन्यांवर येईल एवढंच घेतलं, कारण कारखाने पूर्ण जोरात चालू होते आणि भाव अजून खाली जाणार हे दिसत होतं. उरलेली भरपाई ३० सेंटच्या खाली आल्यावर केली. आता साठा बारा महिन्यांचा ठेवतो आणि कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर तारीख, नग आणि सगळं धरून पडलेला भाव लिहितो.