मृत्यूची बातमी येण्याआधी लिहिलेली चौकट

२००५च्या एप्रिलमध्ये मी एका मराठी दैनिकात आंतरराष्ट्रीय पान पाहत होतो. पोप जॉन पॉल दुसरे यांचा मृत्युलेख फेब्रुवारीपासूनच आमच्याकडे तयार होता: १९२० साली पोलंडमध्ये जन्म, ऑक्टोबर १९७८मध्ये पोपपदी निवड, साडेचारशे वर्षांनंतर प्रथमच इटलीबाहेरचा पोप, १३ मे १९८१ रोजी सेंट पीटर्स चौकात त्यांच्यावर झालेला गोळीबार. तारीख आणि वय घालणे तेवढे बाकी होते. वृत्तपत्रांत ही रीतच आहे आणि मला त्यात कधी वावगे वाटले नाही. शनिवारी, २ एप्रिलला, मुख्य उपसंपादकांनी मात्र वेगळे काम सांगितले. ख्रिस्ती लोक या मरणाकडे कसे पाहतात, याची एक चौकट मृत्युलेखाशेजारी द्यायची होती आणि ती मरणाआधीच लिहून ठेवायची होती.

तोवरच्या बातम्या गोंधळात टाकणाऱ्या होत्या. गुरुवारी मूत्रमार्गाच्या संसर्गातून पोपना तीव्र ताप आला होता आणि त्यांना रुग्णाभ्यंगाचा, म्हणजे गंभीर आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा, संस्कार देण्यात आला होता. शुक्रवारी व्हॅटिकनचे प्रवक्ते नवारो-वाल्स यांना पत्रकारांसमोर बोलताना अश्रू आवरले नव्हते, आणि त्याच संध्याकाळी काही वाहिन्यांनी निधन झाल्याचे सांगून टाकले होते. त्यात पोपच्या वतीने रोमच्या धर्मप्रांताचा कारभार पाहणारे कार्डिनल रुईनी यांनी रोममधील मिस्सात (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) पोपविषयी म्हटले, की ते आताच प्रभूला पाहत आहेत, त्याला स्पर्श करीत आहेत. वृत्तसंस्थेची ती ओळ वाचून आमच्या टेबलावर प्रश्न पडला, की माणूस जिवंत आहे की गेला? ज्या कॅथलिक फादरांना मी फोन केला, त्यांना या वाक्यात काहीच संदिग्ध वाटले नाही. श्वास चालू असताना माणूस दोन्हीकडे असू शकतो, असे ते सहज म्हणाले.

लोक पोप बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करीत असतील, असे मी गृहीत धरून विचारले होते. “गेल्या आठवड्यापर्यंत करीत होतो,” फादर म्हणाले. “आता त्यांना शांतपणे जाता यावे म्हणून करतो.” मग पोपना पुन्हा रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात का नेले नाही, हा माझा पुढचा प्रश्न होता, आणि तो विचारण्यामागे कारण होते. अमेरिकेत मेंदूला इजा होऊन वर्षानुवर्षे अचेत असलेल्या टेरी शायवो या महिलेची अन्न देणारी नळी न्यायालयाच्या आदेशाने काढण्यात आली होती आणि तिचा मृत्यू त्याच गुरुवारी झाला होता. नळीवाटे अन्नपाणी देणे हे तत्त्वतः कर्तव्यच आहे, असे याच पोपनी वर्षभरापूर्वी स्पष्ट सांगितले होते. त्यांना स्वतःलाही बुधवारपासून नाकातून नळी घातलेली होती. फादरांनी फरक समजावला. कॅथलिक शिकवणीप्रमाणे जीव घेणे निषिद्ध आहे, पण जे उपचार फलाच्या मानाने फार जड झाले आहेत, ते थांबवणे निषिद्ध नाही. आधीचे एक पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर बोलताना जीव टिकवण्यासाठी असामान्य साधने वापरण्याचे बंधन नाही असे सांगितले होते. अतिदक्षता विभागाऐवजी आपल्या खोलीत राहणे हे मरण ओढवून घेणे नव्हे, ते मरणाला अडवून न धरणे आहे. ही रेषा प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत इतकी स्वच्छ आखता येत असेल, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. या रुग्णाच्या बाबतीत मात्र ती पटली.

दुसरा फोन एका प्रोटेस्टंट रेव्हरंडांना केला. पोपचा अधिकार ते मानत नव्हते, तरी आवाजात आदर होता. “आमच्यात मृतांसाठी प्रार्थना नाही, म्हणून त्यांच्यासाठी जे मागायचे ते आजच मागून घेतो,” असे ते म्हणाले. ‘मला तर जगणे हे ख्रिस्त आणि मरणे हे लाभ आहे’ हे बायबलमधील पौलाचे वचन त्यांनी ऐकवले आणि लगेच एक आक्षेपही घेतला. ईस्टरच्या दिवशी खिडकीत आलेल्या पोपना आशीर्वादाचे शब्दही उच्चारता आले नव्हते. ज्याचे काम वचन सांगण्याचे आहे, त्याने वाचा गेल्यावर जागा सोडायला हवी होती, असे त्यांचे मत होते. चर्चच्या कायद्यात पोपच्या राजीनाम्याची तरतूद आहे, हेही त्यांना माहीत होते.

मी फादरांना पुन्हा फोन करून हा आक्षेप कळवला. ते रागावले नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू पेत्राला सांगतो, की तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नसेल तिकडे तुला नेईल. पेत्र हा पहिला पोप मानला जातो, त्यामुळे त्याच्या गादीवर बसणाऱ्याला हे वचन लागू होतेच, असे ते म्हणाले. लाळ गळणारा, थरथरणारा म्हातारा जगाला दिसू देणे हेच या पोपचे शेवटचे प्रवचन आहे, असे त्यांना वाटत होते. मला स्वतःला रेव्हरंडांचा मुद्दा अधिक व्यवहार्य वाटला, पण ईस्टरच्या त्या छायाचित्राचा अर्थ फादरांच्या बोलण्याने लागला.

रोममध्ये रात्री ९ वाजून ३७ मिनिटांनी पोपनी प्राण सोडला, तेव्हा आमच्याकडे १ वाजून ७ मिनिटे झाली होती. वृत्त हाती येईपर्यंत शहर आवृत्तीचे पहिले पान रोखून धरले होते. मृत्युलेखात वय ८४ घातले. राजीनाम्याचा परिच्छेद वगळावा, मरणाच्या दिवशी टीका बरी दिसत नाही, असे मुख्य उपसंपादकांचे म्हणणे पडले. मी हट्टाने तो ठेवला. ज्या माणसासाठी रेव्हरंड त्या रात्री प्रार्थना करीत होते, त्याच्याविषयीच तो आक्षेप होता, आणि तो काढला असता तर ख्रिस्ती लोक अशा वेळी एकाच सुरात बोलतात, असा खोटा समज वाचकांचा झाला असता. जागा कमी पडली तेव्हा मी रुईनींचे वाक्य काढले. फादरांच्या खुलाशाशिवाय ते वाचकाला कळले नसते आणि खुलाशाला ओळी उरल्या नव्हत्या.