आधी घरचा कॉम्प्युटर कोणता ते सांगा

'घरच्यासाठी कुठला कॅमकॉर्डर घेऊ? कॉम्प्युटरवर नीट चालला पाहिजे.' हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की उत्तर पाठ झालंय. विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं आणि मी उलट विचारतो, घरचा कॉम्प्युटर किती वर्षांचा आहे? लोक हिरमुसतात. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी कारणासकट सांगतो.

या हट्टामागे एक चकती आहे. तळहातावर मावेल अशी, आठ सेंटिमीटरची डीव्हीडी. एके काळी तिच्यावर थेट रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे मिळायचे. शूटिंग करायचं, चकती काढायची, कॉम्प्युटरमध्ये घालायची, काम झालं, असा माझा हिशेब. एका चकतीवर नेहमीच्या दर्जाचं जेमतेम अर्धा तास मावायचं, तेही चालवून घेतलं. मुलीची पहिली पावलं तिच्यावर टिपली, चकती कॉम्प्युटरमध्ये सरकवली, तर तो म्हणतो, चकती कोरी आहे! रेकॉर्डिंगनंतर ती कॅमेऱ्यातच 'फायनलाइज' करावी लागते, तोवर कॉम्प्युटरला ती वाचता येत नाही, हे मला कळलं तेव्हा कॅमेरा बंद पडला होता. शेवटी तेच मॉडेल असलेला एक ओळखीचा सापडला. त्याच्या कॅमेऱ्यात चकती बराच वेळ कुरकुरत फिरली, आणि पावलं परत मिळाली.

त्याआधीच्या टेपला लोक उगाच हसतात. १९९५ साली आलेल्या मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल टेपमध्ये एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला बरोबर एक तासच लागायचा आणि तासाला १३ जीबी जागा जायची. पण त्यातली प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, स्वतंत्र, अख्खी असायची. कुठेही कापा, कॉम्प्युटरला घाम फुटायचा नाही. १९९९ मध्ये अॅपलने आयमॅकसोबत आयमूव्ही दिलं, ते अशा टेपचा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या फायरवायर केबलच्या जोरावरच. आज मात्र स्वस्तात मिळतोय म्हणून टेपचा जुना कॅमेरा घेऊ नका. नव्या कॉम्प्युटरला फायरवायरचं भोकच नसतं.

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने एव्हीसीएचडी ही व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत आणली आणि खरी गोम तिथून सुरू झाली. यात अख्खं चित्र अधूनमधूनच साठवतात. मधल्या फ्रेममध्ये काय हललं, काय बदललं, तेवढीच नोंद. भिंत तीच, पडदा तोच, फक्त मुलाचा हात वर गेला, तर हाताचंच लिहायचं. त्यामुळे फाइल लहान होते, पण बघताना दर फ्रेम नव्याने जुळवायचं काम कॉम्प्युटरवर पडतं. हल्लीच्या फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याच्या कॅमेऱ्यांत एच.२६५ ही जी पद्धत असते, तिच्यात ते आणखी घट्ट दाबलेलं. ते उलगडणारी सोय प्रोसेसरमध्येच असेल तर चित्र लोण्यासारखं पळतं. नसेल तर आवाज पुढे जातो आणि चित्र लंगडत मागून येतं. कॅमेऱ्याच्या खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

जागेचा हिशेबही खोक्यावर सरळ नसतो. तिथे मेगाबिट लिहितात, आपण मोजतो मेगाबाइटमध्ये, आठाने भागायचं. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची म्हटली की दुप्पट. आणि ठेवायलाच हवी.

कार्डावरून कॉपी करताना एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केली. जुन्या पद्धतीच्या कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल लिहिता येत नाही, म्हणून लांबलचक रेकॉर्डिंगचे कॅमेरा आपणच तुकडे करतो. मी आतल्या फोल्डरमधून नुसते ते तुकडे ओढून घेतले आणि एकापुढे एक लावले. शाळेच्या नाटकात मुलगी म्हणते, 'महाराज, मी...' आणि नेमका सांध्यावर आवाज क्षणभर गायब. गेला तो शब्द. तेव्हापासून कार्डावरचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं उचलतो.

झूमबद्दल थोडक्यात: ऑप्टिकल, म्हणजे भिंगाच्या झूमचा आकडा बघा, नुसतं चित्र ताणणाऱ्या डिजिटलचा वाचूही नका. बाहेरचा माइक लावायची सोय मात्र जरूर बघा. घरच्या व्हिडिओत वीस वर्षांनी चेहऱ्यापेक्षा आवाजच जास्त गलबलवतो.

'फोन असताना हे कशाला?' असंही विचारतात. दोन-दोन मिनिटांचंच टिपायचं असेल तर खरंच नको. पण शेवटच्या रांगेतून दीड तासाचा कार्यक्रम घ्यायचा असेल तर खरा झूम, बदलता येणारी बॅटरी आणि मधेच फोन न येणं, या तिन्हींची किंमत तिथे कळते.

तर निवड अशी करा. दुकानात जाताना स्वतःचं कार्ड न्या. आवडलेल्या कॅमेऱ्यात त्यावर दोन-तीन मिनिटं काहीही शूट करा, शक्यतो माणसं हलताना. घरी आणून चालवून बघा, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-चार ठिकाणी कापून बघा. कुणी शूट करू देत नसेल तर त्याच मॉडेलची मूळ, न बदललेली फाइल कुणाकडून तरी मागवा. यूट्यूबवरचा नमुना उपयोगाचा नाही, तो तिथे पुन्हा दाबलेला असतो.

माझ्या भाच्याने गेल्या खेपेला हे केलं. फोर-के हवंच म्हणून हटून बसला होता. त्याच्या लॅपटॉपवर फाइल उघडली तर पंखा घोंघावायला लागला आणि पडद्यावरची त्याची बायको टाळी वाजवायच्या आधीच टाळी ऐकू आली. मग त्याच कॅमेऱ्यात १०८०, म्हणजे फुल एचडी ठेवून पुन्हा शूट केलं, ते सरळ चाललं. कॅमेरा तोच घेतला, फोर-के बंद करून. लॅपटॉप बदलेन तेव्हा चालू करीन, म्हणतो.