रोंदा ते आल्हेसिरास: आधी वेळापत्रक, मग बाकी सगळं

दक्षिण स्पेनमधल्या रोंदाला येणारे बहुतेक जण पूल बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी मलागाला परततात. पूल आहेच तसा, 1793 साली पुरा झालेला, जवळपास शंभर मीटर खोल दरीवर उभा. पण आम्हाला खरी ओढ होती ती तिथून दक्षिणेला समुद्राकडे, आल्हेसिरास बंदराला उतरणाऱ्या साध्या रिजनल गाडीची. नवऱ्याला जिब्राल्टरची माकडं बघायची होती, मला रेल्वे. दोघांचंही भागत होतं.

हा मार्ग इंग्रजांच्या पैशातून झाला. हेंडरसन नावाच्या भांडवलदाराने पुढाकार घेतला आणि 1892 मध्ये तो पूर्ण झाला. जिब्राल्टरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी आल्हेसिरासपर्यंत बोटीने यायचं आणि पुढे गाडीने स्पेनमध्ये शिरायचं, असा बेत. त्यांच्यासाठी दोन्ही टोकांना हॉटेलंही उभी राहिली: आल्हेसिरासला 1901 मध्ये, रोंदाला 1906 मध्ये. आमच्या खिशाला ती नुसती बाहेरून बघायलाच बरी.

आता बेत कसा आखायचा ते. एकेरी मार्ग, दिवसभरात मोजक्याच गाड्या. त्यामुळे रेन्फेच्या, म्हणजे स्पॅनिश रेल्वेच्या साइटवर आधी नेमकी तारीख टाकून वेळा बघा आणि मगच हॉटेल ठरवा. रविवारी आणि सणासुदीला वेळा बदलतात. रुळांचं काम चालू असेल तर एखाद्या टप्प्यावर गाडीऐवजी बस देतात. बसमधून रुळांलगतची नदीची दरी दिसत नाही, म्हणजे सगळं मुसळ केरात.

नकाशा मात्र बारकाईने बघा, कारण इथे स्टेशनचं नाव आणि गाव यांचा संबंध लांबचा असू शकतो. गाउसीन स्टेशन आहे एल कोल्मेनार नावाच्या वस्तीत. खुद्द गाउसीन तिथून कित्येक किलोमीटर दूर, डोंगरावर. आपल्याकडची ‘अमुक रोड’ नावाची स्टेशनं आठवा. स्टेशनाबाहेर रिक्षावाले उभे असतील, या भरवशावर उतरू नका.

सलग बसलात तर साधारण पावणेदोन तासांत आल्हेसिरास. आम्ही मध्येच बेनाओहानला उतरलो आणि ग्वादियारो नदीच्या काठाने पुढच्या स्टेशनपर्यंत, हिमेरा दे लीबारपर्यंत, चालत गेलो. पायवाट कधी रुळांना चिकटून, कधी नदीला. काठाला कण्हेरीची झुडपं. मध्येच मागून गाडी धडधडत गेली. वाट सोपी आहे, पण सावली कमी. पाणी भरपूर घ्या. आणि हिमेराहून पुढच्या गाडीची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा, कारण एक चुकली की काही तास बसून राहायचं.

हिमेरानंतर मी खिडकी सोडली नाही. पुढे बुचाच्या ओकांचं जंगल लागतं. साल काढलेले बुंधे खालून तांबडे, वर फांद्यांना करडी खरबरीत साल तशीच, म्हणजे झाडांनी धोतर काढून नुसता सदराच ठेवल्यासारखी. साल पुन्हा भरायला नऊएक वर्षं लागतात.

रेल्वे आल्हेसिरासलाच संपते. जिब्राल्टरसाठी तिथून सीमेवरच्या ला लीनेआ गावाची बस घ्यायची आणि सीमा पायी ओलांडायची. जिब्राल्टर ब्रिटिश प्रदेश आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांनी तिथला नियम आणि शेंगेन व्हिसावर पुन्हा स्पेनमध्ये शिरता येईल ना, हे दोन्ही निघण्यापूर्वीच तपासावं. त्याच दिवशी रोंदाला परतायचं असेल तर शेवटच्या गाडीवर डोळा ठेवा. ती चुकली तर मलागामार्गे बसने द्राविडी प्राणायाम.